न्यूरोस्टेरॉईड

न्यूरोस्टेरॉईड म्हणजे मेंदू, मेरुरज्जू व परिघीय चेता यांमधील पेशींनी त्याच ठिकाणी तयार केलेली स्टेरॉईड संप्रेरके होत. अधिवृक्क ग्रंथी, अंडाशय, वृषण आणि गरोदरपणात अपरा अर्थात वार हीच स्टेरॉईड संप्रेरकांची निर्मितीस्थाने आहेत, असे विसाव्या शतकात दीर्घकाळ मानले जात होते. मेंदू हे या संप्रेरकांचे आदेश स्वीकारणारे आणि पीयूषिका ग्रंथीमार्फत त्यांच्या निर्मितीवर देखरेख ठेवणारे इंद्रिय समजले जाई. १९८१ मध्ये फ्रेंच जीवरसायनशास्त्रज्ञ एत्येन-एमिल बोलिओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांमुळे ही समजूत बदलू लागली. मेंदूतील काही पेशींमध्ये कोलेस्टेरॉलपासून स्टेरॉईड बनवणारी विकरे असतात आणि ही स्टेरॉईडे चेतापेशींच्या विद्युत्‌क्रियेवर काही क्षणांत परिणाम करू शकतात, असे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले.

या विषयात एक प्रश्न सतत उपस्थित होतो: मेंदूत सापडलेले स्टेरॉईड मेंदूनेच बनवले आहे, की ते रक्तावाटे तेथे आले आहे? न्यूरोस्टेरॉईडांच्या संशोधनाचा इतिहास बहुतांशी या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा इतिहास आहे. प्रसूतिपश्चात नैराश्य व काही प्रकारचे अपस्मार यांवरील नवी औषधे या संशोधनातून निर्माण झाली आहेत.

## नाव आणि व्याप्ती

सर्वसाधारण बोलण्यात ‘स्टेरॉईड’ हा शब्द दम्यावर किंवा सांधेदुखीवर दिल्या जाणाऱ्या औषधांसाठी, अथवा खेळाडूंनी स्नायू वाढवण्यासाठी घेतलेल्या निषिद्ध द्रव्यांसाठी वापरला जातो. रसायनशास्त्रात मात्र एकमेकांना जोडलेल्या चार कार्बन-वलयांचा सांगाडा असलेल्या संयुगांच्या मोठ्या कुलाचे हे नाव आहे. कोलेस्टेरॉल, कॉर्टिसॉल, प्रोजेस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन व इस्ट्रॅडिओल ही सर्व याच कुलातील संयुगे होत.

या विषयात दोन संज्ञा वापरल्या जातात व त्यांच्यात भेद करणे आवश्यक ठरते.

* न्यूरोस्टेरॉईड: चेतासंस्थेतच तयार झालेले स्टेरॉईड. ही संज्ञा निर्मितीच्या *स्थानावर* आधारलेली आहे. ती बोलिओ यांनी रूढ केली.
* चेतासक्रिय स्टेरॉईड: चेतापेशींच्या कार्यावर परिणाम करणारे कोणतेही स्टेरॉईड, मग ते मेंदूत बनलेले असो, अधिवृक्क ग्रंथीतून आलेले असो किंवा प्रयोगशाळेत तयार केलेले असो. ही संज्ञा *परिणामावर* आधारलेली आहे. स्टीव्हन पॉल व रॉबर्ट पर्डी यांच्या १९९२ मधील समीक्षालेखानंतर ती प्रचारात आली.

एकच संयुग परिस्थितीनुसार दोन्ही वर्गांत मोडू शकते. उदाहरणार्थ, अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन मेंदूत तयार होते, तसेच अंडाशयातील व अपरेतील प्रोजेस्टेरॉनपासूनही ते तयार होते.

## शोधाचा इतिहास

### सेली यांचे निरीक्षण

स्टेरॉईडांचा मेंदूवर अतिशय जलद परिणाम होतो, हे त्यांची मेंदूतील निर्मिती माहीत होण्याच्या चार दशके आधीच दिसून आले होते. ताणविषयक संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले हान्स सेली हे कॅनडातील माँट्रियल येथे काम करत असताना त्यांनी १९४१ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले. प्रयोगशाळेतील उंदरांना प्रोजेस्टेरॉन, डिऑक्सिकॉर्टिकोस्टेरॉन यांसारखी संप्रेरके मोठ्या मात्रेत टोचली असता ते गुंगीत जात व त्यांना भूल दिल्यासारखी अवस्था येई.

संप्रेरके पेशीकेंद्रकातील जनुकांमार्फत काम करतात, असे पुढे प्रस्थापित झाले. त्या मार्गाने परिणाम दिसण्यास सामान्यतः बराच वेळ, अनेकदा काही तास लागतात. थोड्याच वेळात येणाऱ्या गुंगीची उपपत्ती या मार्गाने लावता येत नव्हती. तरीही निरीक्षणाचा व्यावहारिक उपयोग झाला. अल्फाक्सलोन हे कृत्रिम स्टेरॉईड असलेले ‘अल्थेसिन’ नावाचे भुलीचे औषध १९७० च्या दशकात वापरात आले. हे स्टेरॉईड पाण्यात विरघळत नसल्याने ते एका तेलजन्य द्रावकातून द्यावे लागे. त्या द्रावकाशी निगडित तीव्र अधिहर्षतेच्या म्हणजेच अ‍ॅलर्जीच्या प्रतिक्रियांमुळे १९८४ मध्ये ते मानवी वापरातून मागे घेण्यात आले.

### १९८१ चा प्रयोग

बोलिओ यांच्या गटाने प्रौढ नर उंदरांच्या मेंदूत डीहायड्रोएपिअँड्रोस्टेरॉन सल्फेट (संक्षेपाने डीएचईए सल्फेट) या स्टेरॉईडाचे मापन केले. मेंदूतील त्याचे प्रमाण रक्तातील प्रमाणापेक्षा स्पष्टपणे अधिक आढळले. स्टेरॉईड रक्तातून मेंदूत आले असेल, तर स्रोत काढून टाकल्यावर ते नाहीसे व्हावयास हवे, या तर्काने संशोधकांनी उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी व वृषणे शस्त्रक्रियेने काढली. शस्त्रक्रियेनंतर १५ दिवसांनीही मेंदूतील प्रमाण कमी झालेले नव्हते. अधिवृक्क ग्रंथीला उत्तेजित किंवा मंद करणारी संप्रेरके देऊनही त्यात फरक पडला नाही. यावरून हे द्रव्य मेंदूत तयार होत असावे किंवा तेथे दीर्घकाळ साठत असावे, असे अनुमान निघाले.

‘ग्रंथी काढा आणि काय उरते ते पाहा’ ही पद्धत पुढे या क्षेत्रातील मूलभूत कसोटी बनली. १९८७ मध्ये स्टेरॉईडनिर्मितीची पहिली पायरी पार पाडणारे विकर उंदराच्या मेंदूतील श्वेतद्रव्यात असल्याचे दाखवण्यात आले. त्याच वर्षी, नवजात उंदरांच्या मेंदूपासून वाढवलेल्या ऑलिगोडेंड्रोसाइट या ग्लायल पेशी प्रयोगपात्रात स्टेरॉईडे तयार करू शकतात, हेही सिद्ध झाले. प्रयोगपात्रात रक्तपुरवठाच नसल्याने येथे बाहेरून आलेल्या संप्रेरकाची शंका उरत नव्हती.

एत्येन-एमिल बोलिओ (१९२६–२०२५) हे गर्भपातासाठी वापरल्या जाणाऱ्या मिफेप्रिस्टोन या औषधाच्या विकासातील सहभागामुळेही ओळखले जातात.

### ग्राहीचा शोध

सेली यांच्या निरीक्षणाचे कोडे १९८० च्या दशकात उलगडले. अल्फाक्सलोन हे ‘गाबा’ या चेतापारेषकाची क्रिया वाढवते, असे नील हॅरिसन व मायकेल सिमंड्स यांनी १९८४ मध्ये दाखवले. शरीरात नैसर्गिकरीत्या आढळणारी प्रोजेस्टेरॉन व डिऑक्सिकॉर्टिकोस्टेरॉन यांची चयापचयजन्य संयुगेही गाबा-ए ग्राहीवर बार्बिच्युरेट या गुंगीच्या औषधांसारखी क्रिया करतात, असे मारिया मायेव्स्का व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केले. सेली यांच्या प्रयोगातील उंदरांना गुंगी येण्यामागे टोचलेल्या संप्रेरकांपासून शरीरात बनलेल्या या संयुगांचा मोठा वाटा होता, हे त्यावरून लक्षात आले.

## मेंदूतील निर्मिती

### कच्चा माल

सर्व स्टेरॉईड संप्रेरके कोलेस्टेरॉलपासून तयार होतात. मानवी मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते. परंतु शरीरातील एकूण कोलेस्टेरॉलपैकी सुमारे २० ते २५ टक्के मेंदूत असते. त्यातील बराचसा भाग चेतातंतूंभोवतीच्या मायलिन आवरणात असतो. रक्तातील कोलेस्टेरॉल प्रथिनांशी बांधलेले असल्याने रक्त-मेंदू अडसर ओलांडून आत येऊ शकत नाही. त्यामुळे मेंदू आपले कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतो. आहारातून किंवा यकृतातून येणाऱ्या पुरवठ्यावर तो यासाठी अवलंबून नसतो.

### पहिली पायरी

स्टेरॉईडनिर्मितीची सुरुवात पेशीतील तंतुकणिकांमध्ये होते. कोलेस्टेरॉल तंतुकणिकेच्या बाह्य पटलाकडून आतील पटलापर्यंत पोहोचणे ही या क्रियेतील सर्वांत संथ पायरी असून तिच्यावरच एकूण निर्मितीचा वेग ठरतो. ‘स्टार’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे प्रथिन या वाहतुकीत महत्त्वाची भूमिका बजावते. आतील पटलावर असलेले पी-४५० एससीसी हे विकर २७ कार्बन अणूंच्या कोलेस्टेरॉलची सहा कार्बन अणूंची शाखा छाटून टाकते. उरलेला २१ कार्बन अणूंचा रेणू म्हणजे प्रेग्नेनोलोन होय. इतर सर्व स्टेरॉईड संप्रेरके त्याच्यापासून बनत असल्याने त्याला या कुलाचा मूळ पुरुष म्हणता येईल.

### पुढील मार्ग

प्रेग्नेनोलोनपासून पुढे अनेक मार्ग फुटतात. कोणत्या पेशीत कोणती विकरे आहेत, यावर कोणते स्टेरॉईड तयार होईल हे अवलंबून असते.

* प्रोजेस्टेरॉन: प्रेग्नेनोलोनवर ३-बीटा-एचएसडी या विकराची क्रिया होऊन तयार होते.
* अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन: प्रोजेस्टेरॉनपासून दोन पायऱ्यांनी बनते. पहिली पायरी ५-अल्फा-रिडक्टेज विकर पार पाडते. ती उलटवता येत नाही. दुसरी पायरी ३-अल्फा-एचएसडी विकराची असते. ती दोन्ही दिशांनी होऊ शकते.
* टीएचडीओसी: वरील दोन विकरांच्याच क्रियेने डिऑक्सिकॉर्टिकोस्टेरॉनपासून तयार होते. मूळ द्रव्य मुख्यतः अधिवृक्क ग्रंथीतून येत असल्याने हे स्टेरॉईड मेंदू व ग्रंथी यांच्या संयुक्त निर्मितीचे उदाहरण आहे.
* इस्ट्रॅडिओल: टेस्टोस्टेरॉनवर अरोमॅटेज या विकराची क्रिया होऊन बनते. त्यात १८ कार्बन अणू असतात.
* प्रेग्नेनोलोन सल्फेट व डीएचईए सल्फेट: मूळ स्टेरॉईडाला सल्फेट गट जोडला जाऊन तयार होतात. साधी स्टेरॉईडे मेदविद्राव्य असल्याने रक्त-मेंदू अडसर सहज ओलांडतात. सल्फेट जोडलेली स्टेरॉईडे मात्र तो सहजपणे ओलांडू शकत नाहीत.

### कोणत्या पेशी?

स्टेरॉईडनिर्मिती ही मेंदूतील एखाद्या ठरावीक ग्रंथीचे काम नसून ती विखुरलेली क्रिया आहे. ऑलिगोडेंड्रोसाइट व अ‍ॅस्ट्रोसाइट या ग्लायल पेशी, तसेच अनेक प्रकारच्या चेतापेशी तिच्यात सहभागी असतात. काही वेळा एक पेशी प्रारंभिक द्रव्य बनवते आणि शेजारची पेशी त्याचे पुढील रूपांतर करते. अनुमस्तिष्कातील पुर्किंजे या मोठ्या चेतापेशी कोलेस्टेरॉलपासून प्रोजेस्टेरॉनपर्यंतचा मार्ग स्वतः पार पाडू शकतात, असे जपानी संशोधकांनी दाखवले आहे. परिघीय चेतांमध्ये श्वान पेशींना ही क्षमता असते.

ग्रंथीतील संप्रेरक रक्तात मिसळून संपूर्ण शरीरभर पोहोचते. याउलट न्यूरोस्टेरॉईड बहुधा निर्मितीच्या जागेच्या आसपासच कार्य करते. त्यामुळे मेंदूच्या एका भागात एखाद्या स्टेरॉईडाचे प्रमाण वाढलेले असताना दुसऱ्या भागात ते अल्प असू शकते. रक्ततपासणीवरून मेंदूतील प्रमाणाचा अंदाज बांधणे यामुळे कठीण होते.

## कार्यपद्धती

### संथ मार्ग

इस्ट्रॅडिओल, प्रोजेस्टेरॉन आदी स्टेरॉईडे पेशीच्या आत शिरून विशिष्ट ग्राही-प्रथिनांना चिकटतात. ही जोडी जनुकांच्या अभिव्यक्तीत बदल घडवते व नवी प्रथिने तयार होतात. परिणाम उशिरा दिसतो, पण तो दीर्घकाळ टिकतो. मेंदूत बनलेली आणि ग्रंथीतून आलेली, अशी दोन्ही प्रकारची स्टेरॉईडे या मार्गाने कार्य करू शकतात.

### जलद मार्ग

न्यूरोस्टेरॉईडांचे वैशिष्ट्यपूर्ण कार्य पेशीपटलावरील ग्राहींमार्फत होते. त्यांपैकी गाबा-ए ग्राहीचा अभ्यास सर्वाधिक झाला आहे. गाबा हा मेंदूतील प्रमुख शामक चेतापारेषक आहे. गाबा-ए ग्राही पाच प्रथिन-घटकांचा बनलेला असून त्यांच्या मधोमध क्लोराईड आयनांसाठी एक मार्ग असतो. गाबा चिकटल्यावर हा मार्ग उघडतो, ऋणप्रभारित क्लोराईड आयन आत येतात आणि चेतापेशी उत्तेजित होण्याची शक्यता कमी होते.

अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन या ग्राहीला गाबाच्या जागी चिकटत नाही. पेशीपटलात बुडालेल्या भागात त्याच्यासाठी स्वतंत्र जागा असतात. ट्रेव्हर स्मार्ट यांच्या लंडनमधील गटाने २००६ मध्ये अशा दोन जागा निश्चित केल्या. नॅनोमोलर पातळीवरील अत्यल्प प्रमाणात हे स्टेरॉईड गाबाचा परिणाम वाढवते, तर प्रमाण बरेच वाढल्यास गाबा नसतानाही ते मार्ग उघडू शकते. दोन चेतापेशींच्या संपर्कस्थानाबाहेर असलेले, डेल्टा हा घटक असणारे गाबा-ए ग्राही त्याला विशेष संवेदनशील असतात. हे ग्राही पेशीवर सतत सौम्य नियंत्रण ठेवतात. डायझेपामसारख्या बेंझोडायझेपिन औषधांचा त्यांच्यावर सहसा परिणाम होत नाही. न्यूरोस्टेरॉईडांवर आधारित औषधे या जुन्या औषधांहून वेगळी ठरण्याचे हे एक कारण आहे.

सर्व न्यूरोस्टेरॉईडे शामक नसतात. प्रेग्नेनोलोन सल्फेट गाबा-ए ग्राहीला अटकाव करते आणि उत्तेजक चेतापारेषक ग्लुटामेट याच्या एनएमडीए ग्राहीची क्रिया वाढवते. सल्फेट गट जोडला जाणे किंवा एखाद्या हायड्रॉक्सिल गटाची दिशा बदलणे एवढ्या लहान फेरफारानेही स्टेरॉईडाचा परिणाम उलट होऊ शकतो.

## शरीरक्रियेतील भूमिका

### गाणारे पक्षी

मेंदू स्वतः संप्रेरक बनवतो याचा एक ठळक पुरावा झेब्रा फिंच या लहान गायक पक्ष्यातून मिळाला. नर झेब्रा फिंचच्या रक्तात इस्ट्रोजेन आढळते; पण ते वृषणांतून किंवा अधिवृक्क ग्रंथींतून आलेले दिसत नव्हते. बार्नी श्लिंगर व आर्थर अर्नोल्ड यांनी १९९१ व १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून त्याचा प्रमुख स्रोत मेंदूच असल्याचे दाखवून दिले. म्हणजे या पक्ष्यात रक्त मेंदूला इस्ट्रोजेन पुरवत नाही, तर मेंदू रक्ताला ते पुरवतो.

नर पक्षी मादीच्या सान्निध्यात असताना किंवा गाणे ऐकत असताना त्याच्या मेंदूच्या श्रवणविषयक भागातील इस्ट्रॅडिओल सुमारे अर्ध्या तासात वाढते, असे २००८ मधील संशोधनात आढळले. संप्रेरकाची पातळी इतक्या लवकर व एवढ्या मर्यादित जागेत बदलणे हे चेतापारेषकाच्या वर्तनाशी मिळतेजुळते आहे.

### स्मृती

सस्तन प्राण्यांत स्मृतीशी संबंधित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागातही इस्ट्रॅडिओल तयार होते. २००४ मध्ये जपानमधील सुगुरू कावाटो यांच्या गटाने प्रौढ नर उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये त्याची निर्मिती होत असल्याचे दाखवले. त्याच वर्षी जर्मनीतील संशोधकांनी हिप्पोकॅम्पसच्या संवर्धित ऊतीत अरोमॅटेज विकर रोखले असता चेतापेशींमधील संपर्कस्थाने घटतात, असे नोंदवले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांच्या अग्रमस्तिष्कातील चेतापेशींमधून केवळ अरोमॅटेजचे जनुक निष्क्रिय करण्यात आले. या उंदरांच्या जननग्रंथी शाबूत होत्या. तरीही त्यांची स्मृती कमकुवत झाली. इस्ट्रॅडिओल पुन्हा पुरवल्यावर या दोषात सुधारणा झाली. ‘स्त्री-संप्रेरक’ म्हणून परिचित असलेले इस्ट्रोजेन नर व मादी या दोहोंच्या मेंदूला आवश्यक असते, हे या संशोधनांवरून दिसते.

### मायलिन आवरण

चेतातंतूंवरील मायलिन आवरणामुळे विद्युत्‌संदेश वेगाने वाहतो. उंदराच्या मांडीतील चेतेला इजा झाल्यावर तेथील श्वान पेशी प्रोजेस्टेरॉन बनवतात व ते आवरण पुन्हा तयार होण्यास मदत करते, असे १९९५ मध्ये बोलिओ यांच्या गटाने दाखवले. प्रोजेस्टेरॉनची निर्मिती किंवा क्रिया रोखल्यास आवरणाची वाढ खुंटते.

### ताण

उंदरांना पोहण्यास भाग पाडून अल्पकालीन ताण दिला असता त्यांच्या मेंदूतील अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन व टीएचडीओसी यांचे प्रमाण थोड्याच वेळात वाढते, असे १९९१ मध्ये पर्डी, पॉल व सहकाऱ्यांनी दाखवले. ही वाढ ताणाच्या प्रतिक्रियेला आवर घालणारी असावी, असे मानले जाते. प्राण्यांना दीर्घकाळ एकटे ठेवल्यास मात्र मेंदूतील अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन घटते व आक्रमकता आणि भीती वाढते. तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांच्या मस्तिष्क-मेरुद्रवात हे स्टेरॉईड कमी असते आणि उपचारानंतर ते वाढते, असे १९९८ मधील एका अभ्यासात आढळले.

### गरोदरपण व प्रसूती

गरोदरपणात अपरेतून मोठ्या प्रमाणात प्रोजेस्टेरॉन स्रवते. त्यापासून बनणाऱ्या अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोनचे प्रमाण मातेच्या रक्तात वाढत जाते आणि प्रसूतीनंतर अपरा बाहेर पडताच ते वेगाने खाली येते. गरोदरपणात या वाढलेल्या प्रमाणाशी जुळवून घेण्यासाठी मेंदूतील गाबा-ए ग्राहींच्या रचनेत बदल होतात. प्रसूतीनंतर ग्राही लगेच पूर्वस्थितीत आले नाहीत, तर मेंदूचा तोल बिघडू शकतो. काही मातांमध्ये उद्भवणाऱ्या प्रसूतिपश्चात नैराश्याची ही एक उपपत्ती आहे. प्रसूतीनंतर ही घट सर्वच स्त्रियांत होते, पण नैराश्य काहींनाच येते. त्यामुळे केवळ प्रमाण नव्हे, तर त्याला मेंदू कसा प्रतिसाद देतो हेही महत्त्वाचे ठरते. घरातील कामाचा भार, अपुरी झोप, आधाराचा अभाव आणि पूर्वीचे मानसिक आजार हे घटकही या आजारात महत्त्वाचे असतात.

गर्भाच्या मेंदूलाही या स्टेरॉईडाचा पुरवठा बहुतांशी अपरेमार्फत होतो. अकाली जन्मलेल्या बालकाचा हा पुरवठा लवकर तुटतो. त्याचा मेंदूच्या वाढीवर काय परिणाम होतो, हा सध्याच्या संशोधनाचा विषय आहे.

## वैद्यकीय उपयोग

### प्रसूतिपश्चात नैराश्य

ब्रेक्सॅनोलोन हे औषध म्हणजे शिरेवाटे देण्याच्या स्वरूपातील अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोनच होय. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०१९ मध्ये त्याला मान्यता दिली. प्रसूतिपश्चात नैराश्यासाठी खास मान्यता मिळालेले हे तेथील पहिले औषध होते. नैराश्यावरील प्रचलित गोळ्यांचा गुण येण्यास बहुधा काही आठवडे लागतात. ब्रेक्सॅनोलोनचा परिणाम दोन-तीन दिवसांत दिसू लागे. मात्र ते सलग ६० तास शिरेवाटे द्यावे लागे आणि अचानक शुद्ध हरपण्याचा धोका असल्याने संपूर्ण काळ रुग्णालयीन देखरेख अनिवार्य होती. तान्ह्या बाळाच्या मातेला हे अवघड होते, शिवाय खर्चही मोठा होता. २०२४ च्या अखेरीस त्याची विक्री थांबवण्यात आली.

झुरॅनोलोन हे तोंडाने घेण्याचे कृत्रिम स्टेरॉईड असून त्याला ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ते १४ दिवस रोज संध्याकाळी, स्निग्ध पदार्थ असलेल्या आहारासोबत घेतात. गुंगी येत असल्याने प्रत्येक मात्रेनंतर किमान १२ तास वाहन न चालवण्याची सूचना दिली जाते. सर्वसाधारण तीव्र नैराश्यासाठी मात्र पुरेसा पुरावा नसल्याचे सांगून अमेरिकी प्रशासनाने त्याला मान्यता नाकारली.

### अपस्मार

काही स्त्रियांमध्ये अपस्माराचे झटके मासिक पाळीच्या आसपास वाढतात. त्या काळात प्रोजेस्टेरॉन व पर्यायाने अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन घटणे हे त्याचे एक कारण मानले जाते. गॅनॅक्सोलोन हे अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोनचे किंचित बदललेले रूप आहे. जोडलेल्या मिथिल गटामुळे शरीरात त्याचे पुन्हा संप्रेरकासारखी क्रिया करणाऱ्या संयुगात रूपांतर होत नाही. सीडीकेएल-५ या जनुकातील दोषामुळे बालपणी उद्भवणाऱ्या दुर्मीळ अपस्मारासाठी, दोन वर्षे व त्यापुढील वयाच्या रुग्णांकरिता, त्याला मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

### अयशस्वी ठरलेले प्रयत्न

प्राण्यांवरील प्रयोगांत डोक्याला मार लागल्यानंतर दिलेले प्रोजेस्टेरॉन मेंदूचे रक्षण करते असे वारंवार दिसले होते. या आधारावर दोन मोठ्या वैद्यकीय चाचण्या घेण्यात आल्या. त्यांत मिळून दोन हजारांहून अधिक रुग्ण सहभागी झाले. डिसेंबर २०१४ मध्ये दोन्ही चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले; प्रोजेस्टेरॉनचा रुग्णांना कोणताही लाभ झाला नव्हता.

डीएचईए हे स्टेरॉईड वयानुसार रक्तात कमी होत जाते, म्हणून अमेरिकेत ते वार्धक्य लांबवणारे पूरक द्रव्य या नावाखाली खुलेपणाने विकले जाते. वृद्धांवर दोन वर्षे घेतलेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत त्यापासून शारीरिक क्षमता किंवा जीवनमान यांत उल्लेखनीय सुधारणा आढळली नाही.

## मतभेद

मापनाचा प्रश्न. सुरुवातीची बरीच मापने प्रतिपिंडांवर आधारित पद्धतीने झाली होती. एकमेकांशी साम्य असलेल्या स्टेरॉईडांमध्ये ही पद्धत कधीकधी गल्लत करते. वस्तुमान वर्णपटमिती या अधिक काटेकोर तंत्राने केलेल्या नंतरच्या मापनांत उंदरांच्या मेंदूत प्रेग्नेनोलोन सल्फेट व डीएचईए सल्फेट अत्यल्प आढळले किंवा आढळलेच नाही. अशा प्रकारे ज्या संयुगाच्या शोधातून हे क्षेत्र सुरू झाले, त्याच संयुगाच्या उंदराच्या मेंदूतील अस्तित्वावर प्रश्नचिन्ह निर्माण झाले. मेंदूत स्टेरॉईडनिर्मिती होते या मूळ निष्कर्षाला मात्र त्यामुळे बाध आला नाही. कारण तोवर विकरे, संवर्धित पेशी आणि जनुकीय बदल केलेले प्राणी यांच्या स्वतंत्र अभ्यासांतून त्याला आधार मिळालेला होता.

वाहक प्रथिनाचा प्रश्न. टीएसपीओ हे तंतुकणिकेवरील प्रथिन कोलेस्टेरॉल आत नेण्यासाठी अनिवार्य आहे, असे अनेक वर्षे मानले जात होते. २०१४ मध्ये हे प्रथिन नसलेले उंदीर जगतात व त्यांच्या ग्रंथींत स्टेरॉईडनिर्मिती होते, असे दोन संशोधनांत आढळले. तेव्हापासून त्याच्या नेमक्या कार्याबद्दल मतभेद आहेत.

मानवी मेंदूचा प्रश्न. बहुतेक प्रत्यक्ष पुरावा उंदीर व पक्षी यांच्यावरील प्रयोगांतून आलेला आहे. मानवी मेंदूत पहिल्या पायरीचे पी-४५० एससीसी विकर फार कमी प्रमाणात आढळते. त्यामुळे मानवी मेंदू कोलेस्टेरॉलपासून सुरुवात करून किती स्टेरॉईड बनवतो आणि रक्तातून आलेल्या प्रोजेस्टेरॉन व टेस्टोस्टेरॉन यांचे किती रूपांतर करतो, याविषयी संशोधकांत एकमत नाही. रूपांतर करणारी विकरे मानवी मेंदूत आहेत, याबद्दल मात्र दुमत नाही. मानवी गर्भाच्या मेंदूतील ऊतीत पुरुष-संप्रेरकाचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होते, हे फ्रेडरिक नाफ्टोलिन व केनेथ रायन यांच्या गटाने १९७० च्या दशकाच्या प्रारंभीच, म्हणजे ‘न्यूरोस्टेरॉईड’ हा शब्द प्रचारात येण्यापूर्वी, दाखवले होते.

## हे सुद्धा पहा

* संप्रेरक
* अंतःस्रावी ग्रंथी
* कोलेस्टेरॉल
* चेतापारेषक
* प्रोजेस्टेरॉन
* प्रसूतिपश्चात नैराश्य
* अपस्मार